कै. अँजेलो द फोन्सेका, ख्रिस्ती चित्रकार

नाशिक व देवळाली कॅम्प यांच्या आसपासच्या खेड्यांतील उपदेशकांकडून एक प्रश्न आमच्याकडे पुनःपुन्हां येतो. उपासनेच्या घरांत प्रभूचें चित्र टांगावें कीं टांगूं नये? एक जण सांगतो कीं ज्यांस वाचतां येत नाहीं त्यांस चित्र पाहून शास्त्रांतील गोष्ट चटकन समजते. दुसरा विचारतो कीं ज्या घराच्या देव्हाऱ्यांतून आजोबांनीं खंडोबाचे टाक काढून टाकिले, त्याच घरांत नातवानें पुन्हां कशाला तरी हात जोडावे काय? दोघांचेंही म्हणणें प्रामाणिक आहे. या प्रश्नावर लांबलचक लेख लिहिण्यापेक्षां, ज्या मनुष्यानें आपलें सारें आयुष्य याच कामीं वेंचिलें आणि त्यापायीं स्वतःच्या लोकांचा राग ओढवून घेतला, त्याचें चरित्र वाचकांपुढें ठेवावें असें आम्हांस वाटलें.

गोव्यांत मांडवी नदीच्या पात्रांत सांत इस्तेव्ह नांवाचें एक बेट आहे. त्यास जुवें असेंही म्हणतात. तेथील एका सधन रोमन कॅथलिक घराण्यांत १९०२ सालीं अँजेलो द फोन्सेका यांचा जन्म झाला. त्या वेळीं गोव्यावर पोर्तुगीजांचा अंमल होता, आणि तो थोडाथोडका नव्हे तर १५१० सालापासूनचा. इगर्जींतील वेद्या सोन्याच्या मुलाम्यानें मढविलेल्या, आणि त्यांवरील संतांचे चेहरे, वस्त्रें, केंस हीं सर्व युरोपांतलीं. बाहेर भातशेतांत कुणबी बाया गुडघाभर चिखलांत लावणी करीत असत, आणि आंत मरिया पोर्तुगालच्या राणीसारखी उभी असे. या दोहोंमध्यें कांहीं अंतर आहे असें त्या काळीं फारसें कोणास वाटत नसे.

तरुण वयांत फोन्सेका मुंबईस वैद्यकी शिकूं लागले, पण त्यांत त्यांचें मन रमेना. तो अभ्यास सोडून ते जे. जे. स्कूल ऑफ आर्ट या चित्रशाळेंत गेले. तेथें युरोपच्या पद्धतीनें चित्रकला शिकवीत असत. आपल्या देशांत राहून परक्यांच्या डोळ्यांनीं पाहावयास शिकणें त्यांस रुचलें नाहीं, म्हणून तीही शाळा त्यांनीं सोडिली व ते बंगालची वाट धरून गेले. खात्यापित्या घरच्या मुलानें डॉक्टरीवर पाणी सोडून रंगाच्या वाट्या हातीं घेतल्या, तेव्हां घरच्यांस काय वाटलें असेल याची कल्पना आमच्या वाचकांपैकीं जे बाप आहेत त्यांस करतां येईल.

बंगालमध्यें त्या वेळीं एक नवी चळवळ चालली होती. अवनींद्रनाथ ठाकूर हे तिचे पुढारी, आणि त्यांचे पट्टशिष्य नंदलाल बोस हे रवींद्रनाथांच्या शांतिनिकेतनांतील कलाभवनाचे प्रमुख. हिंदी चित्रकारानें युरोपच्या नकला करूं नयेत, आपल्या देशाच्या जुन्या कलेकडे वळावें, असा त्यांचा आग्रह होता. या दोघांपाशीं फोन्सेका शिकले. आमच्या वाचकांस नवल वाटेल, पण बंगालच्या या विद्येचें एक मूळ आपल्या महाराष्ट्रांतच आहे. १९०९ ते १९११ या काळांत लेडी हेरिंगहॅम या इंग्रज बाईंनीं अजिंठ्याच्या लेण्यांतील चित्रांच्या नकला करविल्या, आणि त्या कामास आलेल्या तरुणांत नंदलाल बोस हे होते. अजिंठ्याच्या भिंतीवरील ती लांब, वळणदार रेषा, ते अर्धे मिटलेले डोळे, बोलक्या बोटांचे ते हात, हें सर्व तेथून बंगालास गेलें व बंगालहून फोन्सेका यांच्या हातांत आलें.

रंग देण्याची एक विशेष रीतही त्यांनीं तेथें उचलली. कागदावर पाण्याचा पातळ रंग द्यावयाचा, मग कागद पाण्यांत भिजवून वाळवावयाचा, पुन्हां रंग द्यावयाचा, पुन्हां भिजवावयाचा. असें अनेक वेळां केलें म्हणजे रंग कागदावर बसल्यासारखा न दिसतां कागदाच्या आंतून उजळल्यासारखा दिसतो. अवनींद्रनाथांनीं ही रीत कलकत्त्यास आलेल्या जपानी चित्रकारांपासून घेतली होती. हें काम उतावळ्या मनुष्याचें नव्हे.

शिक्षण संपवून १९३० च्या सुमारास फोन्सेका गोव्यास परत आले आणि तेथेंच त्यांच्या आयुष्यांतील खरी परीक्षा सुरू झाली. त्यांनीं प्रभूची माता मरिया काढिली ती सावळ्या वर्णाची, लुगडें नेसलेली, हिंदी घरांतील आईसारखी. गोव्यांतील प्रतिष्ठित ख्रिस्ती लोक व धर्माधिकारी हें पाहून संतापले. ख्रिस्ती होणें आणि पोर्तुगीज रीतीचें होणें या दोन गोष्टी चार शतकें तेथें एकच मानल्या गेल्या होत्या. मग मरियेच्या अंगावर लुगडें पाहून, हा मनुष्य आपला धर्म बाटवीत आहे असें त्यांस वाटावें यांत आश्चर्य नाहीं. आमच्या वाचकांपैकीं अनेकांच्या घराण्यांस ख्रिस्ती झाल्यामुळें जातभाईंनीं टाकिलें होतें, विहिरीवर येऊं दिलें नव्हतें, सोयरीक मोडली होती. फोन्सेका यांस त्यांच्या ख्रिस्ती बांधवांनींच दूर केलें, आणि तेंही त्यांचा ख्रिस्त फार हिंदी दिसतो म्हणून. ते गोवा सोडून पुण्यास आले.

पुण्यास शिवाजीनगर येथें ख्रिस्त सेवा संघाचा आश्रम होता. हा संघ जॅक विन्स्लो या इंग्लिश चर्चच्या पाळकांनीं १९२२ सालीं स्थापिला. विन्स्लो हे नगर जिल्ह्यांत काम करीत असतां कवि नारायण वामन टिळक यांच्या सहवासांत आले, आणि पुढें टिळकांचें इंग्रजी चरित्र त्यांनींच लिहिलें. टिळक तर नाशिककरांचे जवळचे. त्यांचें शिक्षण नाशकांत झालें, आणि लक्ष्मीबाईंचें माहेर जवळच्याच जलालपूरचें. आपल्या अभंगांनीं व कीर्तनांनीं ख्रिस्ताची भक्ति मराठी कानास गोड लागेल अशी करणें, हें टिळकांनीं १९१९ सालीं मृत्यु येईपर्यंत केलेलें काम. विन्स्लोंच्या आश्रमांत हिंदी व इंग्रज एकत्र राहत, खादी वापरीत, जमिनीवर बसून जेवीत. टिळकांनीं जें कानासाठीं केलें तें डोळ्यांसाठीं करूं पाहणारा मनुष्य नेमक्या याच आश्रमाच्या दारीं यावा, हा योग आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतो.

फोन्सेका मरेपर्यंत रोमन कॅथलिकच राहिले. तरी त्यांस आसरा दिला तो प्रॉटेस्टंट बाजूच्या आश्रमानें, आणि त्यांच्या कामाचीं पुष्कळ वर्षें तेथेंच गेलीं. मात्र आमच्या लोकांनीं यावरून फार फुशारकी मारूं नये. आमच्या खेड्यांतील शाळांतून वर्षानुवर्षें परदेशी रंगीत चित्रांच्या गुंडाळ्या उलगडीत आलों, त्यांतला येशू गोरा, निळ्या डोळ्यांचा व पिंगट केंसांचा होता, आणि त्याबद्दल आमच्यापैकीं फारसें कोणी तक्रार केल्याचें ऐकिवांत नाहीं. प्रभूचा जन्म यहूदाच्या बेथलेहेमांत झाला. नाशिकहून बेथलेहेम व लंडन या दोहोंचें अंतर मोजून पाहावें, म्हणजे कोणतें गांव आपल्याला जवळ आहे तें कळेल.

आतां त्यांच्या चित्रांविषयीं. मरिया व बाळ येशू हा विषय त्यांनीं आयुष्यभर पुनःपुन्हां घेतला. गोव्याच्या कुणबी बायांच्या वेषांतही त्यांनीं मरियेस दाखविलें. तिची मान किंचित् कललेली असते, चेहरा शांत, नजर खालीं. पाहणाऱ्याकडे ती क्वचितच पाहते, तिचें सारें लक्ष बाळाकडे. हीं चित्रें प्रथम पाहणारास तीं फार गप्प वाटतात. नाटकी हावभाव नाहीं, आभाळ फाडून येणारा प्रकाश नाहीं. पण थोडा वेळ बसून पाहिलें तर लूकाच्या दुसऱ्या अध्यायांतलें तें वाक्य आठवूं लागतें, ज्यांत मेंढपाळ येऊन गेल्यावर मरिया त्या सर्व गोष्टी मनांत ठेवून त्यांचा विचार करीत राहिली असें सांगितलें आहे. चित्रकारानें तें एक वाक्य घेऊन त्यावर आयुष्यभर मनन केलें असें म्हटलें तरी चालेल. अशीं चित्रें त्यांनीं शेंकड्यांनीं काढिलीं. त्याच काळांत मुंबईंत अँजेला त्रिंदाद ही गोमंतकीय बाई आणि उत्तरेकडे आल्फ्रेड टॉमस हे याच वाटेनें चालले होते. तिकडे बंगालमध्यें जामिनी राय या हिंदु चित्रकारानेंही ख्रिस्ताचीं चित्रें काढिलीं. तरी या एकाच कामासाठीं सर्वस्व बाजूस सारणारे म्हणून फोन्सेका यांचें नांव आम्ही आधीं घेतों.

येथें दुसऱ्या आज्ञेचा विचार टाळून चालणार नाहीं. कोरीव मूर्ति करूं नको व तिच्या पायां पडूं नको ही आज्ञा निर्गमाच्या विसाव्या अध्यायांत आहे. पण त्याच पुस्तकाच्या एकतिसाव्या अध्यायांत देव बसालेलास आपल्या आत्म्यानें भरतो, तें सोनें, रुपें, पितळ व लांकूड यांची कारागिरी करण्यासाठीं. रानांत मोशेनें देवाच्याच सांगण्यावरून पितळेचा साप उभारिला, आणि पुढें लोक त्यास धूप जाळूं लागले तेव्हां हिज्कीया राजानें तो फोडून टाकिला. दोघांनींही योग्यच केलें. आमच्या पंथाच्या पूर्वजांतही या बाबतींत एकमत नव्हतें. झुरिकमध्यें झ्विंगलीच्या शिकवणीनें १५२४ सालीं देवळांतील चित्रें व मूर्ति काढून टाकण्यांत आल्या. तिकडे विटेनबर्गांत ल्यूथरच्या जर्मन नव्या कराराची पहिली आवृत्ति १५२२ सालीं निघाली, ती लूकास क्रानाख याच्या कारखान्यांतील चित्रांसह. पुढें हॉलंडमध्यें, जेथें उपासनेच्या घरांतून चित्रें हद्दपार झालीं होतीं, रेम्ब्रांटनें शास्त्रांतील कथा आयुष्यभर रंगविल्या व त्यांसाठीं ॲम्स्टरडॅममधील आपल्या यहूदी शेजाऱ्यांचे चेहरे घेतले. तेव्हां चित्र म्हणजे मूर्ति असें सरसकट ठरवितां येत नाहीं, आणि चित्राची मूर्ति कधींच होत नाहीं असेंही खात्रीनें सांगतां येत नाहीं. आमच्या मतें कसोटी एकच. चित्र पाहून लोक शास्त्र उघडूं लागले तर तें राहूं द्यावें. चित्रालाच हार घालूं लागले तर दुसऱ्या दिवशीं तें काढून कपाटांत ठेवावें. हें ठरविण्यास बाहेरून कोणी येण्याची गरज नाहीं, गांवच्या पाळकास तें दिसतेंच.

याहून अवघड अशी दुसरी एक हरकत आहे, आणि ती आम्हांस अधिक बोंचते. फोन्सेका गोव्यास परतले त्याच सुमारास, २ मार्च १९३० रोजीं, नाशकांत डॉ. आंबेडकरांच्या चळवळीनें काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठीं सत्याग्रह आरंभिला होता. आमच्या मंडळ्यांतील पुष्कळ घराणीं त्याच समाजांतून आलेलीं, ज्याला त्या दारांतून आंत जाऊं देत नसत. अशा मनुष्यापुढें कमळ, समई, पद्मासन अशा खुणांनीं सजलेलें ख्रिस्ताचें चित्र ठेवून हें तुझ्याच देशाचें आहे असें सांगितलें, तर तो विचारील कीं देशाचें असेल, पण माझें कधीं होतें? हिंदी ख्रिस्ती कलेवर ही टीका पुढें पुष्कळांनीं केली आहे व ती खोटी नाहीं. बंगालहून आलेली ती सुकुमार रेषा वरच्या घरांतील बायांस अधिक शोभते हेंही खरें. फोन्सेका यांच्या सर्वच चित्रांस आम्ही या टीकेंतून सोडवूं शकत नाहीं. पण त्यांनीं मरियेस कुणबी बाईचें लुगडें नेसविलें तेथें त्यांचें पाऊल योग्य जागीं पडलें. कारण मरियेनें स्वतः जें स्तोत्र गाइलें त्यांत देव गादीवरच्यांस खालीं ओढतो व दीनांस उंच करतो. तें स्तोत्र चिखलांत लावणी करणाऱ्या बाईच्या तोंडीं जितकें खरें वाटेल तितकें राणीच्या तोंडीं वाटणार नाहीं. गोव्यांतील शिष्ट लोकांस खरा राग आला तो बहुधा याच गोष्टीचा असावा.

हीं चित्रें उपासनेच्या वर्षांत कशीं वापरावीं याविषयीं थोडें लिहितों. कोंकणांत कुडाळजवळ पिंगुळी गांवीं चित्रकथी आहेत. रंगविलेल्या चित्रांची पोथी मांडीवर घेऊन ते एकेक पान दाखवीत रामकथा गातात. पान उलटलें कीं कथा पुढें सरकते. आमच्या उपदेशकांनीं ही रीत अवश्य उचलावी. ज्या मंडळ्या सणांचें पंचांग पाळतात त्यांनीं आगमनकाळाच्या चार रविवारीं एकच चित्र ठेवावें, गब्रीएल व मरिया यांचें, आणि लूकाचा पहिला अध्याय थोडा थोडा वाचावा. वाचण्याआधीं दोन-तीन मिनिटें कोणीं बोलूं नये. मग लोकांस विचारावें, तुम्हांला काय दिसलें? आमचा अनुभव असा कीं म्हाताऱ्या बाया शाळामास्तरांहून अधिक पाहतात. दिव्यांत तेल किती उरलें आहे, घागर भरलेली आहे कीं रिकामी, हें त्यांच्या आधीं ध्यानांत येतें, आणि तेथून शास्त्राकडे वळणें सोपें जातें. नाताळांत जन्माचें चित्र. प्रकटीकरणाच्या सणाला मागी लोकांचें, व त्या दिवशीं परराष्ट्रीयांस प्रभु कसा प्रगट झाला यावर बोलावें. उपवासकाळांत भिंत मोकळी ठेवावी असें आमचें मत आहे. डोळ्यांसही उपास घडला म्हणजे उत्तम शुक्रवारीं क्रूसाचें चित्र समोर येतांच सारें घर निःशब्द होतें. पुनरुत्थानदिनीं पहांटे तें बदलावें, आणि तें लेंकरांच्या हातून बदलवावें. ज्या मंडळ्या असे सण मानीत नाहींत त्यांनीं त्या त्या रविवारच्या पाठास जुळेल तें चित्र घ्यावें. ऋतु संपला कीं चित्र उतरवावें ही गोष्ट मात्र कोणीं विसरूं नये. वर्षभर एकाच खिळ्यावर राहिलेल्या चित्राकडे प्रथम कोणी पाहत नाहीं, आणि मग एखादा भोळा मनुष्य त्यास उदबत्ती लावतो.

फोन्सेका यांचें पुढील आयुष्य बाहेरून पाहतां साधेंच गेलें. १९५१ सालीं, वयाच्या पन्नाशीच्या उंबरठ्यावर, आयव्ही मेनेझिस यांच्याशीं त्यांचा विवाह झाला, आणि त्यानंतरच्या मरियेच्या अनेक चित्रांत या पत्नीचाच चेहरा आढळतो. त्यांस एक मुलगी झाली. चित्रांवर फार पैसा मिळाला नाहीं. धनिकांच्या घरच्या भिंतींसाठीं काढिलेलीं तीं चित्रें नव्हतींच. १९६१ च्या डिसेंबरांत गोवा भारतांत आला. १९६२ ते १९६५ या काळांत रोम येथें दुसरी व्हॅटिकन परिषद भरली आणि त्यांच्या पंथानें उपासनेंत प्रत्येक देशाच्या भाषेस व चालीरीतींस मोकळीक दिली. ज्या गोष्टीसाठीं त्यांस तिसाव्या वर्षाच्या आसपास घर सोडावें लागलें ती आतां त्यांच्याच धर्मगुरूंच्या लेखीं योग्य ठरली होती. तें पाहण्यास ते जेमतेम दोन वर्षें राहिले. १९६७ सालीं डिसेंबरच्या अखेरीस, नाताळाच्या आठवड्यांत, मेंदूज्वरानें पुण्यास त्यांचा अंत झाला.

त्यानंतर बरींच वर्षें त्यांचें नांव मागें पडलें. त्यांच्या पत्नीनें तीं चित्रें जपून ठेविलीं. पाण्याच्या रंगांनीं काढिलेल्या कागदास ओल, वाळवी व ऊन या तिन्ही गोष्टी वैरी; पुण्याच्या पावसाळ्यांत शेंकडों कागद सांभाळणें म्हणजे काय तें, ज्या बायांनीं कधीं घरांतलीं जुनीं कागदपत्रें पत्र्याच्या पेटींत जपलीं असतील त्यांस सांगावें लागणार नाहीं. चाळीस वर्षांच्या आंतबाहेर त्यांनीं हें केलें, आणि मग त्यांतील मोठा संग्रह गोव्यांत पर्वरी येथील झेवियर ऐतिहासिक संशोधन केंद्राच्या स्वाधीन केला. अशा रीतीनें लुगडें नेसलेली ती मरिया मांडवीच्या काठीं परत आली.